वारसा आणि झीरो नंबर पॉलिश पेपर

आमच्या घराण्यात वाटण्या फार गुण्यागोविंदाने होतात, कारण वाटायला काही नसतं. गावच्या सातबाऱ्यावर गुंठे कमी आणि नावं जास्त. लालबागची पागडीची खोली काकांकडे. माझ्या वाट्याला आला आजोबांचा घडीचा चाकू.

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. तुटलेला ताणा जोडला की गाठीची शेपटी उडवायला, जेवणाच्या सुट्टीत कांदा चिरायला आणि मे महिन्यात हापूसच्या फोडी करायला हाच चाकू. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर राहिले, तेव्हाही तो त्यांच्या खिशात होता. मग कधीतरी ट्रंकेत गेला. काळं पडलेलं तीन इंची पातं, सांबरशिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. पात्याच्या बुडाशी शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण : एक चांदणी आणि एक माल्टीज क्रूस. साचेवाल्याकडे हा विलायती माल आला कुठून? काका म्हणतात, विव्हिंग मास्तरने खूश होऊन दिला. आत्या म्हणते, चोरबाजारात घेतला. बाबा विषय बदलतात. मला बाबांचंच खरं वाटतं.

चाकू उघडत होता, मिटत होता, कांदा चिरत होता. म्हणजे त्याला माझी काडीचीही गरज नव्हती. पण रात्री झोप न येणाऱ्या माणसाच्या हाती मोबाइल असला की अनर्थ होतो. कुणीतरी दाढीवाला परदेशी गृहस्थ, एक अक्षर न बोलता, गंजलेला तुकडा घेतो आणि वीस मिनिटांत त्यात दाढी बघता येईल इतका चकचकीत करून दाखवतो. मला दाढीही नाही. पण हुरूप आला.

नागदेवी स्ट्रीटवर गेलो. तिथल्या दुकानदाराने आदराने विचारलं, “साहेब, कारखाना कुठे?” मी छाती काढून म्हणालो, “लालबागला.” त्या एका शब्दापायी पॉलिश पेपरचे सगळे नंबर, कानशी, एक ड्रिल आणि त्याला लावायचे छोटे दगड एवढं सामान घरी आलं. बिल बायकोला अजून दाखवलेलं नाही.

गॅलरीत शेजारच्या काकू म्हणाल्या, “अरे, पितळेला चिंच लाव. बाकी सुक्या फडक्याने पूस, झालं.” पण काकूंचा व्हिडिओ नव्हता. मी अख्खा चाकू मुठीसकट व्हिनेगरच्या बरणीत बुडवला आणि झोपलो.

सकाळी बरणीत चहा झाला होता. गंज गेला, पण त्याबरोबर ते काळेपणही गेलं. ते काळेपण म्हणजे मळ नव्हे, हे ज्ञान मला नंतर झालं. कार्बन स्टीलच्या पात्यावर वर्षानुवर्षं कांद्याचा, आंब्याचा रस लागून ती साय धरते आणि तीच लाल गंजाला अडवते. आजोबांनी अर्धं आयुष्य खर्चून चढवलेलं कवच मी एका रात्रीत उतरवलं. मुठीचं तर विचारू नका. सांबरशिंग म्हणवतं शिंग, पण असतं हाड. हाडात कॅल्शियम, ते आंबटात विरघळतं. शाळेत अंडं व्हिनेगरमध्ये ठेवून त्याचं कवच घालवायचा प्रयोग मी स्वतः केला होता, आणि त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. आता मुठीवर नख दाबलं की वळ उठत होता.

तरी थांबलो नाही. झीरो नंबर घेऊन पातं घासायला बसलो. हात चांगला बसला होता. संध्याकाळपर्यंत चांदणी मावळली आणि क्रूसाचा एक हात तेवढा राहिला. शेफिल्डशी आमचं नातं संपलं.

राहिली धार. ड्रिल सुरू केलं. पात्याचं टोक आधी सोनेरी झालं, मग जांभळं, मग सुंदर मोरपंखी निळं. “अगं, रंग बघ!” म्हणून मी बायकोला हाक मारली. पोलादाला २२० अंशांच्या आसपास पिवळी झाक येते आणि ३०० च्या आसपास निळी, आणि निळं झालं की कडकपणा गेलाच, ही माहितीदेखील उशिराच मिळाली.

ती दिली धारवाल्याने. सायकल स्टँडवर चढवून पायडलवर दगड फिरवणारा, पिढीजात शिकलगार. त्याने धारेवर नख फिरवलं, पातं उन्हाकडे धरलं.

“पाणी उतरलंय ह्याचं. कुणी केलं?”

“आजोबांपासून असाच आहे,” मी म्हणालो.

“निळा?”

मी गॅलरीतल्या कुंड्या बघू लागलो. त्याने मान हलवली आणि कामाला लागला. दर दोन घासांनंतर पातं पाण्याच्या डब्यात बुडवायचं, बाहेर काढायचं, अंगठ्याने उष्णता बघायची, मग पुन्हा दगडाला. निळा भाग सगळा खाल्ला तेव्हा नवं टोक आलं. धार अशी, की हातावरचे केस उडाले. पातं मात्र अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडंसंच मोठं. त्याने फक्त धारेचे पैसे घेतले आणि जाता जाता विचारलं, “ते ड्रिल विकायचंय का?”

आजोबांच्या गिरणीच्या जागी आता मॉल आहे. परवा सहकुटुंब गेलो. चाकू खिशात. ज्या दारातून आजोबा तो रोज घेऊन जायचे, त्याच दारातून मीही नेणार, असा थोडा नाटकी बेत होता. कमान केकाटली. मी तयारीतच होतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं आलं की परवान्याचा प्रश्न. घरगुती वापराच्या वस्तूंना सूट. सगळं तोंडपाठ. मी घसा खाकरला.

वॉचमनने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. शेजारच्या बाईंना दाखवला. दोघंही गंभीर.

“काका,” तो म्हणाला, “किल्ल्या आणि नेलकटर आधी ट्रेमध्ये ठेवत जा. मागे लाइन लागते.”