आधी परवाना, मग नवरा

"काय गं वहिनी, पोरगी पुण्याला जात न्हाई म्हणं? सगळ्या कन्हेरीत झालंय."

"कन्हेरीला दुसरा धंदा हाय का! शारदानगरला ॲग्रीला नंबर लागलाय तिचा."

"अगंबाई! रानातच राबायचं तर कॉलेज कशाला? आपण काय बीएस्सी करून खुरपायला शिकलो?"

"काकू, तुमच्या रानात ऊस कुठला?"

"दोनशे पासष्ट. त्याचं काय?"

"फुले २६५. तो काढला नीरेजवळच्या पाडेगावच्या केंद्रानं. ते केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, आणि पोरीला पदवी मिळणार ती त्याच विद्यापीठाची. राहुरी काय मुंबई हाय? तालुक्याचंच गाव. पण १९६८ पासनं ते विद्यापीठ आपल्या बांधापतुर पोचलंय."

"फी?"

"खाजगी कॉलेज, सरकारीपेक्षा जडच. पण पुण्यातली खोली, मेस, येणंजाणं वाचतंय की. आणि तिथं नुसता फळा न्हाई. शेजारीच कृषी विज्ञान केंद्र, गाई, भाजीपाल्याची रोपं, आता तर उसात सेन्सर लावून एआय का काय ते चाललंय. शेवटच्या वर्षाला पोरींना गावातच धाडतात, शेतकऱ्याच्या बांधावर. मागं नव्हत्या का आल्या, बीजप्रक्रिया दाखवायला?"

"त्या कृषिकन्या व्हय! एकीला विळा धरता येत नव्हता, मीच शिकवला. पोहे पण मीच घातले."

"मग तुम्हीबी मास्तरीणच की!"

"ते ऱ्हाऊ दे. नोकरीचं बोल."

"बँकेत शेती अधिकारी, एमपीएससीतनं कृषी खातं, बियाण्याच्या कंपन्या. जागा थोड्या, पोरं ढीगभर, हे तिलाबी कळतंय. म्हणून तिचा डोळा कृषी सेवा केंद्रावर हाय. खता-औषधाच्या परवान्याला आता शिक्षण बघतात. लोकाच्या पदवीवर दुकान चालवण्यापेक्षा स्वतःच्या नावाचा परवाना बरा, म्हणती."

"आणि लग्न? हल्लीच्या पोरींना शेतकरी नवरा नको असतो."

"हिचं उलटंच. पगार मागनं सांगा, म्हणती, आधी पाणी कॅनॉलचं का विहिरीचं ते विचारा. आणि आधी परवाना, मग नवरा."

"बरं बाई. दुकान निघालं की आमचं खातं पहिलं मांडायचं. पैसे ऊस गेल्यावर."

"तुमच्यासारख्यांसाठीच 'उधारी बंद'ची पाटी आत्तापासनं रंगवायला टाकलीय तिनं!"