उत्पन्नाचा स्रोत: ट्रक

ट्रकने उडवलं की माणसाचं उत्पन्न वाढतं, हा शोध आयकर खात्याचा. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा, तारखांमागून तारखा घ्यायच्या, विमा कंपनीचे वकीलसाहेब आज दुसऱ्या कोर्टात आहेत हे ऐकून एसटीने परत यायचं. असं करता करता एकदाचा निकाल लागतो. भरपाईच्या मुद्दलाला हात लागत नाही, पण उशिरापोटी मिळालेलं व्याज २०२६पर्यंत ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ ठरायचं. वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की त्यातून १० टक्के टीडीएस कापला जायचा. पॅन नसेल तर २० टक्के! म्हणजे कुबडी सावरत आधी पॅनकार्डाची झेरॉक्स काढून आणा. दयामाया अगदीच नव्हती असं नाही. निम्म्या व्याजाची वजावट होती. अर्धी वाट पाहणं माफ, उरलेली करपात्र.

दाव्यापासून निकालापर्यंतचं व्याज करपात्र उत्पन्नच नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं. कायद्यातलं कलम मात्र जागचं हललं नाही. अखेर २०२६च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी हे व्याज करमुक्त करण्याचा आणि टीडीएस उठवण्याचा प्रस्ताव मांडला.

स्वागतच आहे. न्यायाधिकरणातल्या तारखांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, पण आता काढायचा तरी कशाला? जितका उशीर, तितकं व्याज, आणि तेही करमुक्त. पीपीएफच्या जोडीला दीर्घ मुदतीची आणखी एक योजना आली म्हणायची. प्रवेशाची अट तेवढी जरा कडक आहे.