श्वास धरा, आप्पा फोटो काढतायत

निपाणीच्या तंबाखूत जन्म गेलेला माणूस पान चिमटीत धरून प्रत सांगतो. आमच्या आप्पांनी वखार मुलाच्या हवाली केली, स्पॉटिंग स्कोप घेतला, त्याच्या नेत्रभिंगाला मोबाइल अडकवला आणि आता ते पाखरांची प्रत लावतात. "पिसाची शीर दिसली पायजे की हो, नायतर फोटो कसला?" गेली सहा वर्षं ती शीर दिसलेली नाही.

असे आप्पा आता आपल्या भागात गावोगाव आहेत. थंडीत पहाटे हिडकल धरणाच्या कडेला किंवा राकसकोपला खांद्यावर तिपाई आणि हातात ज्वारीची पिशवी घेतलेला गृहस्थ दिसला, तर तो दळणाला निघालाय असं समजू नये. ज्वारी तिपाईला मधोमध टांगायची असते, वाऱ्यानं हलू नये म्हणून. मधला दांडा वर काढायचा नाही. झूम साठपट असला तरी विसाच्या फार पुढं न्यायचा नाही. साठला पाखरासोबत थरकापही मोठा होतो आणि उजेड मरतो. बटणाला बोट लावायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त खंड्याला हे कुणी कळवलेलं नाही. तो दुसऱ्या सेकंदाला उठतो.

1999च्या सुमारास मलेशियाच्या लॉरेन्स पो यांनी स्कोपला डिजिटल कॅमेरा टेकवून पाहिला आणि हे वेड जगभर पसरलं. आप्पा ज्या आपुलकीनं "पो साहेब" म्हणतात, त्यावरून ते शहापुरातच कुठंतरी राहत असावेत असं वाटतं.

नऊ वाजले की पाण्यावरची हवा तापून थरथरते, आणि समोर चक्रवाक असला तर तो कढईतल्या भज्यासारखा दिसतो. त्याआधी जे काय व्हायचं ते व्हायला हवं. नेमका तेव्हाच कुणीतरी बांधावरून येतो. "सर्वे करालायसा काय? रस्ता आमच्या रानातनं न्यालायसा व्हय?" पाखरू बघतोय, यावर कोण विश्वास ठेवणार? इथं कुणी तिपाई लावली की बायपास तरी येतो, नाहीतर सीमा तरी हलते. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967चा, दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात. आप्पांचा फोकस त्या मानानं लवकर लागेल, अशी आम्हाला आशा आहे. दुसरा कुणी कन्नडमध्ये विचारतो. आप्पा भिंगावरून डोळा न काढता म्हणतात, "स्वल्प तडीरी," म्हणजे जरा थांबा. एरवी सीमालढ्यावर तासभर बोलणारे आप्पा फोकस लावताना भाषावाद ठेवत नाहीत.

एक कबुली इथंच देऊन टाकतो. एकदा मी कुंदा खाऊन तोच अंगठा नेत्रभिंगावर टेकवला होता. चार महिने आप्पा हवेतल्या दमटपणाला शिव्या देत होते.

परवा मात्र त्यांनी पहाटेच दार वाजवलं. चेहरा उजळलेला. मोबाइल पुढं केला. पाण्यातला दगड. त्यावरच्या शेवाळाचा धागान् धागा, ओली रेघ, कडेला एक पांढरा ठिपका, सगळं लख्ख.

"आप्पा, पाखरू?"

"आत्ताच उठलं की हो. शीट बघा की, अजून ओली हाय!"