कानसेन

तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं गाण्याच्या बाबतीत म्हणतात. आमच्या मलकापुरात हे गाड्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. मलकापूर म्हणजे बुलढाण्याचं नव्हे, कराडला चिकटलेलंही नव्हे. शाहूवाडीचं. तालुक्याला नाव शाहूवाडीचं आणि बाजार मलकापूरचा, अशी आमची जुनी वाटणी आहे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाट उतरणारा आणि घाट चढून आलेला, दोघंही इथं चहाला थांबतात. उतरणाऱ्याची गाडी बहुधा गप्प असते. चढून आलेलीच्या पोटात काहीतरी वाजत असतं. ते वाजलं की चहाच्या गाड्याशेजारच्या बाकड्यावर, अगदी टोकाला बसलेला एक माणूस डोळे मिटतो.

हे आमचे कानसेन. अख्खा तालुका त्यांना मामा म्हणतो. असा एक मामा प्रत्येक बाजारगावात असतो, पण शाहूवाडीसारख्या तालुक्यात त्याला काम जास्त. वाड्या डोंगरात, रस्ते पावसाच्या मर्जीतले, वाटेत ओढे. पुण्यामुंबईचे लोक पैसे मोजून, टोप्या घालून ज्याला ‘ऑफरोडिंग’ म्हणतात, त्याला आमच्याकडं दूध घालायला जाणं म्हणतात.

मामांनी उमेदीची वीस वर्षं वडाप चालवलं. ज्यांना वडाप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक सायकल. त्या कोलाहलात मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगचा आवाज वेगळा ऐकू येणं ही साधना होती, असं मामा म्हणतात. फोर बाय फोरची त्यांची व्याख्याही त्या काळातली आहे. “चौघं म्होरनं वडायला, चौघं मागनं ढकलायला. झालं फोर बाय फोर.” १९४७ साली देश स्वतंत्र झाला हे त्यांना मान्य आहे, पण त्यांच्या लेखी त्या सालातली मोठी गोष्ट म्हणजे महिंद्रानं विलीज जीप जोडायला घेतली ती. १९८५ साली आलेल्या जिप्सीला ते अजून ‘मुकी’ म्हणतात. पेट्रोलची, शांत. जी गाडी बोलत नाही तिच्याशी काय बोलायचं?

आवाज ऐकतानाचं मामांचं रूप बघण्यासारखं असतं. मान तिरकी, डावा कान गाडीकडं, तळहात कानामागं, उजवा हात ‘थांबा’ म्हणून वर. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना ज्या कोल्हापूरच्या दरबारात आणलं, त्याच संस्थानच्या मुलखातला हा माणूस, तेव्हा अशी मान तिरकी करणारच, असं मला वाटायचं. ही माझी समजूत पुढं बदलली. ते नंतर.

रोगी डॉक्टरकडं दुखणं घेऊन जातो, इथं मात्र दुखणं तोंडानं वाजवून दाखवावं लागतं. चांगले घरंदाज, टाय लावलेले बँकेचे साहेब मामांसमोर उभे राहून ‘घूंऽऽ’ करतात, मी पाहिलेलं आहे. मामा त्यांना दुरुस्त करतात. “घूं का घुर्र?” साहेब डोळे मिटून आठवतात आणि पुन्हा ‘घूं’ करतात. मराठीत आवाजांना केवढे शब्द आहेत हे मला शाळेत कळलं नाही, या बाकड्यावर कळलं. गिअर टाकताना एकदाच ‘टक्’ झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘टकटकटक’ झालं तर पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचं रबर फाटलं, ग्रीस गेलं, चिखल शिरला. ओढा ओलांडल्यावर हळू चालीत ‘चूं-चूं’ झालं तर क्रॉस कोरडा पडला. ‘खडखड’ बहुतेक वेळा नुसता सैल पत्रा असतो, आणि नेमका त्यालाच माणूस सगळ्यात जास्त घाबरतो.

हे बाकीचेही सांगतील. मामांचं खरं मोठेपण त्यांच्या एका प्रश्नात आहे. “कसा येतोय ते ऱ्हाऊ दे. कवा येतोय?” गाडीच्या रोगाचं अर्धं शास्त्र या दोन शब्दांत आहे. ॲक्सिलेटर दाबल्यावर येतो आणि सोडल्यावर सूर बदलतो? मग हाऊसिंगमधल्या गिअरांच्या जोडीकडं, म्हणजे क्राऊन-पिनियनकडं बघा. डावीकडं वळताना वाढतो आणि उजवीकडं वळताना कमी होतो? मग उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर पडतो. उभ्या गाडीतही येतो? मग चाकं आणि हाऊसिंग सुटले, वर बघा. शहाणा माणूस एवढं विचारून थांबला असता.

पण थांबला तर तो कानसेन कसला? सगळी उत्तरं ऐकून झाली, चहा संपला, की मामा निकाल देतात आणि निकाल एकच असतो. “क्राऊन-पिनियन गेला.” क्रॉस असो, बेअरिंग असो, डिकीत राहिलेला नारळ घरंगळत असो, क्राऊन-पिनियन गेला. तो का, हे कोडं मला गेल्या जुलैपर्यंत सुटलेलं नव्हतं.

जुलैत माझा भाचा पुण्याहून नवीकोरी फोर बाय फोर घेऊन आला. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, बॉनेटशेजारून वर गेलेलं धुराडं, दोर, फावडं. सगळं होतं, फक्त छत्री नव्हती. सड्यावर, गवताफुलांवर चाकं घालायची नाहीत असं मी बजावलं होतं, म्हणून मंडळी आंब्याच्या अलीकडं कुणाच्यातरी ओळखीच्या रानात, पाणंदीत आणि ओढ्यात दिवसभर लोळून आली. संध्याकाळी येताना गाडीत तीन आवाज होते.

गाडी चहाच्या गाड्यासमोर वळली तीच कुंथत. टायर फरफटले, गाडी गचके खात थांबली. मामांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. “चारी पाय बांधून आणलंयस व्हय रं बाळा?” खरंच, चिखलातून डांबरावर आल्यावरही भाच्यानं छोटा दांडा फोर-एचमध्येच, म्हणजे चारी चाकं जुंपलेलीच, ठेवला होता. वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक घसरतं आणि हिशोब भागतो, पण डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ शाफ्टात आणि गिअरांत साठतो. दांडा निघेना. मामा म्हणाले, “जोर लावू नगंस. चार पावलं मागं घे.” गाडी मागं घेतली, पीळ सुटला, दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा आला. भाच्याचा चेहरा भक्ताचा झाला. पहिला आवाज संपला.

उरलेल्या दोघांसाठी मामा मागच्या सीटवर बसले आणि आम्ही बांबवड्याच्या दिशेनं निघालो. भाचा म्हणाला, “मामा, ऐका, चिर्रऽऽ येतंय.” मीही ऐकलं. पाटीवर खडू उलटा लागावा तसं, अंगावर काटा आणणारं ‘चिर्र’. मामा म्हणाले, “त्ये न्हवं. त्येच्या खाली बगा, घूं हाय घूं.” तेही होतं. पण ‘चिर्र’ इतकं कर्कश होतं की शेजारून जाणारा मोटारसायकलवाला वळून बघत होता. मामा शांत. “त्यो भास हाय. नव्या गाडीत हुतो.”

परत येऊन निकाल लागला. क्राऊन-पिनियन. कारणमीमांसाही तयार होती: तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि कुठल्यातरी सीलमधून पाणी आत ओढून घेते. हे शंभर टक्के खरं आहे, असं होतं. पाणी आणि तेल घुसळून काय होतं हे सांगायला कोल्हापुरी माणसाला उपमा शोधावी लागत नाही. “बूच काढून बग. पांढरा रस्सा निघंल.”

बूच काढायला मिस्त्रीकडं गेलो. हा मिस्त्री पंचविशीतला पोरगा, बोलण्याचे पैसे पडत असावेत इतका अबोल. त्यानं बूच काढलं, करंगळी आत घातली. तेल स्वच्छ, मधासारखं. मामांच्या तोंडावर जी निराशा दिसली ती मला बघवली नाही. मग पोरानं गाडी जॅकवर घेतली आणि एकेक चाक हातानं फिरवलं. पुढच्या डाव्या चाकाला ‘चिर्र’ झालं. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये त्यानं स्क्रूड्रायव्हर घालून पत्रा जरासा वाकवला आणि टप्पकन एक खडा खाली पडला. हरभऱ्याएवढा, तांबडा, जांभ्याचा. दुसरा आवाज संपला. मग पाण्याचा फवारा मारून चारी रिंगांच्या आतून पाटीभर चिखल काढला, त्यानं स्टिअरिंगची थरथरही गेली. “आणि घूं?” भाच्यानं विचारलं. पोरगा पहिल्यांदाच बोलला. “टायर. सिमेंटच्या रोडला लागला की सूर बदलंल. बेरिंग आसतं तर बदललं नसतं.”

मामांनी खडा उचलून उजेडात धरला. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील. पण त्यांनी अगदी हळू, माझ्यापुरतंच विचारलं, “खरंच वाजत हुतं व्हय?”

तेव्हा मला ती तिरकी मान कळली. वडापच्या वीस वर्षांत उजवा कान खिडकीकडं होता. वारा, हॉर्न, समोरून येणाऱ्या ट्रकांची गर्जना, सगळं त्यानं घेतलं. डाव्यानं डिझेल इंजिन घेतलं. अशा गोंगाटात कान उतरतो तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात आणि खालचे राहतात. मामांच्या जगातून ‘चूं’ गेलं होतं, ‘चिर्र’ गेलं होतं. ‘घूं’ तेवढं उरलं होतं, आणि ते क्राऊन-पिनियनचं. मग निकाल दुसरा कुठला देणार?

रात्री त्यांना घरी सोडायला गेलो. मामी दारातच होत्या. मी काही बोलायच्या आतच त्यांनी सुरू केलं. “गेल्या म्हैन्यात मिक्सर कोकलून कोकलून जळाला. मी परड्यात. ह्ये श्येजारी बसून प्येपर वाचत हुते. वास आला तवा इचारत्यात, काय करपलं म्हून! आन सगळा गाव ह्यांला इचारतोय, गाडीत काय वाजतंय!” मामांना हे ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. ते ओट्यावर उभे राहून रस्त्याकडं बघत होते. वळणापलीकडून, आम्हाला कुणालाच काही दिसायच्या आत, त्यांनी हात वर केला.

आम्ही गप्प झालो. बऱ्याच वेळानं एक ट्रक आला आणि घरघरत घाटाकडं निघून गेला.

“बगा,” मामा म्हणाले, “क्राऊन-पिनियन.”