चतकोर जठराची फिर्याद

मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या विद्येवरून, वेतनावरून अथवा त्याच्या व्याह्यांच्या सांपत्तिक स्थितीवरून ठरते हा जो सार्वत्रिक समज आहे, तो ज्यांच्यावर पंगतीत बसून पहिल्याच वाढीला ‘पुरे’ म्हणण्याचा प्रसंग कधी आला नाही, अशा भाग्यवंतांनीच रूढ केलेला असावा. वस्तुतः आमच्याकडे माणसाची पारख त्याच्या पानावरच होते. पैजेने जिलब्या खाणारा गृहस्थ दोन पिढ्या गावाच्या स्मरणात राहतो आणि त्याच्याच शेजारी बसून माफक जेवलेल्या सद्‌गृहस्थाचे नाव दुसऱ्या दिवशी यजमानासही आठवत नाही. उपाहारगृहांचा सारा कारभारही याच तत्त्वावर चालतो. दारातून आत येणारे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे पूर्ण मापाचे एक जठर, असे गृहीत धरूनच तेथील ताटे घडवली जातात, वाट्या भरल्या जातात आणि दर छापले जातात. अशा या सुव्यवस्थित राज्यात केवळ चतकोर जठर घेऊन प्रवेश करणाऱ्या इसमाची काय अवस्था होते, ते सांगण्याचा अधिकार मला शस्त्रक्रियेने प्राप्त झाला आहे.

महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे इतरांच्या जमिनींची मोजणी मी चोख ठेवली. परंतु माझ्या स्वतःच्या देहाचे क्षेत्रफळ दरसाल वाढत असता त्याची नोंद कोणत्याही फेरफारात झाली नाही. अखेर मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे या तिघांनी मिळून संयुक्त अर्ज गुदरला. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून वैद्यकशास्त्र एक निर्देशांक काढते, तो ३७.५ च्या वर गेला, किंवा मधुमेहासारखी व्याधी जोडीला असून ३२.५ च्या वर गेला, की शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा दंडक आपल्याकडील शल्यविशारद पुष्कळ वर्षे पाळीत आले. वजन घटवण्यासाठी जठराची मर्यादा कमी करून आतड्याची वाट वळवण्याची ‘बायपास’ शस्त्रक्रिया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली दाखवली. माझ्या वाट्यास आली ती ‘स्लीव्ह’ नावाची तिची धाकटी बहीण. हिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी मागे ठेवतात, जिच्यात आरंभी शंभर-दीडशे मिलिलिटरहून अधिक ऐवज मावत नाही.

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पाण्यास आणि एक वायूस मोकळा ठेवावा, अशी वाटणी करून दिली आहे. माझ्या शल्यविशारदांनी वाग्भटाचा भाजक तेवढा कायम ठेवला, तीन हिस्से सरकारजमा केले, आणि उरलेल्या एका हिश्श्यात अन्न, पाणी व वायू या तिन्ही कुळांनी आळीपाळीने वहिवाट करावी, असा निवाडा दिला. एवढ्यावर हे प्रकरण थांबले नाही. भुकेची वर्दी मेंदूकडे पोचवणारे घ्रेलिन नावाचे जे संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधून काढले, ते मुख्यत्वे जठराच्या त्या जप्त झालेल्या भागातच तयार होते. त्यामुळे इलाख्याबरोबर त्याचा दवंडीवालाही बडतर्फ झाला. पोट गेले आणि भूकही ओसरली. राहिली ती केवळ हौस, आणि तिच्यावर शस्त्रक्रिया करण्याची युक्ती अद्याप कोणाही शल्यविशारदास सुचलेली नाही.

रुग्णालयातून निघताना आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या हाती एक कलमवार तहनामा ठेवला. जेवणापूर्वी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाण्यास स्पर्श करावयाचा नाही, मग जेवताना पिण्याची तर गोष्टच नको. प्रत्येक घास पार लगदा होईपर्यंत चावावयाचा. ताटातील प्रथिने प्रथम, कारण दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम तरी पोटात गेली पाहिजेत, आणि भात-पोळीचा विचार जागा उरल्यास. फसफसणारी पेये वर्ज्य. लोह, कॅल्शियम आणि ब-१२ यांच्या गोळ्या आमरण. ही कलमे घरी पाळणे कठीण नव्हते, कारण घरी माझ्या आहारावर अंमल बजावण्याचे काम आमच्या सौभाग्यवती पूर्वीपासूनच बिनवेतन करीत होत्या. परंतु हॉटेलाचा उंबरा ओलांडताच यातील प्रत्येक कलम तेथील एकेका शिरस्त्याशी टक्कर घेते, हे मात्र बाईंनी तहनाम्यात लिहिले नव्हते.

हॉटेलात गिऱ्हाइकापुढे प्रथम येते ते पाणी. ‘साधं की बिसलेरी?’ या प्रश्नाला तिसरे उत्तर असू शकते याची कल्पनाच नसलेला तो पोऱ्या, मी ‘कुठलंच नको’ म्हणताच थबकतो आणि माझ्याकडे अशा संशयाने पाहतो, की मी उधारीवर जेवावयास आलो आहे, किंवा त्याच्या मालकाशी माझे पिढीजात वैर आहे. आपल्याकडे ज्या घरचे पाणीही घेत नाहीत तेथे जेवावयास बसण्याची रीत नाही, हे खरे. परंतु ग्लासभर पाणी घेतले असता जेवणाचा प्रश्नच मिटतो, हे त्याला कसे समजवावे?

त्यातही पुण्यातील अमर्यादित थाळीच्या स्थळी जो पेचप्रसंग उद्‌भवतो, तो सोडवण्यास एखादे लवाद मंडळच नेमावे लागेल. भिंतीवर ‘पानात अन्न टाकू नये’ असा फलक, पोटात ‘पान संपवू नये’ असा शल्यविशारदांचा हुकूम, आणि डोक्यावर ‘नको म्हणू नये’ असे ब्रीद घेऊन उभा असलेला वाढपी. या तीन सत्तांच्या सीमेवर माझे ताट असते. डाव्या हाताने ताट झाकावे, तर पोळी उजवीकडून अवतरते. मान हलवावी, तर तो तिचा अर्थ होकारार्थी घेतो. ‘काका, निदान वरणभात तरी!’ असे म्हणून तो जेव्हा मूद पाडतो, तेव्हा तिच्या माथ्यावरील तुपाकडे मी, निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या जुन्या कचेरीकडे पाहावे, अशा दृष्टीने पाहत राहतो. आजवरच्या हयातीत ज्याच्यापासून जेवणास आरंभ केला, तो वरणभात आता क्रमवारीत शेवटी आला आणि शेवटपर्यंत माझे जेवण कधी पोचतच नाही. मटकीची उसळ, पनीरचे दोन तुकडे आणि अर्धी वाटी कढी एवढ्यावर माझे पोट सभा बरखास्त करते. पूर्ण थाळीचा दर त्या घासांवर वाटला असता प्रत्येक घासास जो सारा बसतो, तो बागायती जमिनीसही कधी बसला नसेल.

शिवाय, सभा बरखास्त झाल्याची सूचना माझे शरीर शिंकेच्या द्वारा देते. जठर भरले की प्रथम नाक वाहू लागते, मग उचकी आणि पाठोपाठ शिंक, ही लक्षणे माझ्यासारख्या अनेकांच्या परिचयाची आहेत. परंतु शेजारच्या टेबलावर बिल चुकते करून गावाला निघालेले कुटुंब असते. माझी शिंक ऐकताच त्यातील आजीबाई पुन्हा खाली बसतात आणि अपशकुन टळावा म्हणून एकेक पीयूष मागवतात. मालकाने या वाढीव विक्रीतील काही अंश माझ्या बिलातून वजा करावयास हरकत नव्हती. पण धंद्यात कृतज्ञता असती, तर व्यापारास वेगळे नाव पडले असते.

सावकाश चावण्याच्या कलमाची कसोटी लागते ती रविवारी. त्या दिवशी प्रत्येक खुर्चीच्या मागे एक भावी वारसदार उभा असतो आणि त्याची नजर जेवणाऱ्याच्या जबड्यावर खिळलेली असते. अशा वेळी अर्ध्या इडलीचा एक तुकडा शास्त्रोक्त रीतीने चावीत बसण्यास जे मनोधैर्य लागते, ते मला सरकारी नोकरीने दिले. कारण खिडकीपलीकडे रांग ताटकळत असता आपले काम संथपणे करीत राहणे, ही विद्या मी तेथेच हस्तगत केली होती.

थाळीचा नाद सोडून सुटे पदार्थ मागवावेत, तर तेथे निराळी भानगड. एका डोशाचा पाव हिस्सा खाऊन बशी सारताच पोऱ्या मालकास वर्दी देतो, मालक गल्ला सोडून येतो, आणि ‘साहेब, काही कमी होतं का?’ असे विचारतो. ‘कमी काही नव्हतं, मीच कमी झालो आहे,’ हे उत्तर वस्तुस्थितीस धरून असले, तरी त्याने कोणाचेही समाधान होत नाही. ‘ऑपरेशन झालंय’ म्हणावे, तर चेहऱ्यावर शोककळा पसरून मऊ खिचडी येते, तीही मोठ्या वाडग्यात. अमेरिकेत काही रुग्णालये अशा रुग्णांस एक कार्ड देतात. ‘या व्यक्तीस लहान वाढप किंवा मुलांसाठीचा पदार्थ द्यावा’ अशी विनंती त्यावर छापलेली असते आणि मान्य करणे न करणे हॉटेलवाल्याच्या मर्जीवर असते. माझ्या शल्यविशारदांनीही कौतुकाने मला आपल्या सही-शिक्क्यानिशी असा एक दाखला करून दिला. तो मी एका ठिकाणी गल्ल्यावर सादर केला. तेथील गृहस्थांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, उजेडात धरून पाहिला आणि ‘आमच्याकडे कूपनं चालत नाहीत’ असा शेरा मारून परत केला.

या साऱ्यात एका माणसाचे मात्र कोटकल्याण झाले, आणि तो म्हणजे माझे मेहुणे. पूर्वी माझ्याबरोबर जेवावयास येण्यास ते कचरत, कारण बिल निम्मे होई आणि भजी निम्मी होत नसत. आता दर शनिवारी त्यांचा दूरध्वनी येतो. मी मागवावे, तीन घास घ्यावेत, आणि उरलेल्या मिळकतीचा कबजा त्यांनी घ्यावा, असा वहिवाटीचा हक्कच त्यांनी प्रस्थापित केला आहे. परिणामी विश्वातील वस्तुमान नष्ट होत नाही, हा सिद्धान्त आमच्या कुटुंबात पुनश्च सिद्ध झाला असून, माझ्या जुन्या विजारी आता त्यांना बेताच्या होतात. पुढील शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाला उमेदवार शोधण्याची तसदी पडणार नाही.

गोडाची कथा मी एका स्नेह्याच्या अनुभवावरून सांगतो. ते बायपास पंथाचे. त्यांच्या जठराची उरलेली पिशवी सुमारे तीस मिलिलिटरची आणि आतड्याचा रस्ता वळवलेला. अशा देहात साखर एकदम आतड्यात उतरली, की ती शरीरातील पाणी आपल्याकडे ओढून घेते. छातीत धडधड होते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो आणि आडवे व्हावेसे वाटते. हे ठाऊक असूनही त्यांनी एका लग्नात बासुंदीची वाटी रिकामी केली, आणि अक्षता टाकण्यास जमलेल्या मंडळींनी वधूवरांस सोडून त्यांनाच वारा घातला. आमरण उपदेशाने जे झाले नसते, ते त्या एका वाटीने केले. गृहस्थ आता श्रीखंडाचे नावही ‘श्री’पर्यंतच उच्चारतात.

इतके सोसून मी हॉटेलात जातो तरी कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे, की जेवणातील आनंदाची वाटणी सर्व घासांत सारखी झालेली नाही, हे मला चतकोर जठरानेच शिकवले. पहिल्या तीन घासांत पदार्थाची सारी रुची येऊन जाते. पुढील घास आपण केवळ पैसे वसूल करण्यासाठी, आग्रहापोटी आणि सवयीने घेत असतो. पूर्वी मिसळीची बशी केव्हा आली आणि केव्हा गेली, हे मला शर्टावरील तर्रीच्या डागांवरूनच कळे. आता तिच्यातील कांदा, शेव आणि रस्सा यांची मी स्वतंत्र उलटतपासणी घेतो. भोवतालच्या गप्पा ऐकतो, तव्यावरील लोण्याचा वास पुरवून घेतो, आणि समोरच्याला भरपेट जेवताना पाहण्यातही एक निर्मळ सुख असते, असा शोध मला मेहुण्यांच्या कृपेने लागला आहे. हॉटेल ही पोट भरण्याची जागा असल्यास मला तेथे काम नाही. पण ती चव घेण्याची आणि चार माणसांत बसण्याची जागा असल्यास, तेथे माझा हक्क पूर्ण पोटाच्या माणसाइतकाच शाबूत आहे.

म्हणून समस्त उपाहारगृहचालकांच्या दरबारी हा अर्ज सादर करीत आहे. तुमच्याच व्यवसायाने सूप ‘वन बाय टू’ करून देण्याचा उदारपणा दाखवला. मुंबईने अर्धा पेला चहा ‘कटिंग’ म्हणून इतक्या सन्मानाने विकला, की तो मागताना लक्षाधीशासही संकोच होत नाही. माटुंग्यात १९४२ पासून चालत आलेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात केळीच्या पानावरील अमर्याद जेवणाच्या जोडीला मर्यादित थाळीही नांदते. तोच न्याय एक पायरी खाली आणून डोशाचा, उसळीचा आणि थाळीचाही कटिंग दर दरपत्रकात छापावा. त्याचा लाभ केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांनाच नव्हे, तर म्हातारी माणसे, आजारातून उठलेले आणि ज्यांना भूकच बेताची आहे, अशा सर्वांना होईल. अन्न वाया जाणार नाही आणि भिंतीवरील फलकही उतरवता येईल. चतकोर मालाला अर्धा दर आकारलात, तरी आमची तक्रार नाही. पाणी मात्र विचारल्याशिवाय आणू नका.