नाहीचा पाढा

आदिलाबादेत ‘नाही’ म्हणायला शब्दांचा तोटा नाही. मराठीत ‘नको’, तेलुगूत ‘वद्दु’ आणि आमच्याकडूनच उसना नेऊन ठसक्यानं वाढवलेला दखनीतला ‘नक्को’. वांग्याचा भाव करताना एका दमात तिन्ही वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या शेजारच्या मास्तरांना मात्र चौथाच शब्द यायचा : ‘परवालेदु’. म्हणजे, काही हरकत नाही.

“मास्तर, गाडी द्या न जरा, बेल्याले जाऊन येतो.” परवालेदु. गाडी संध्याकाळी परत यायची ती पेट्रोलच्या नुसत्या वासावर. “मास्तर, कापूस विकला का देतो.” परवालेदु. कापूस दरवर्षी विकला जाई आणि हे वाक्य दरवर्षी कोरं करकरीत राही. बँकेत तर जामीनदार म्हणून मास्तरांची सही शिपायालाही पाठ झाली होती. त्यातल्या एका कागदावर कर्जदार म्हणून माझं नाव आहे, हे इथंच सांगून टाकतो.

या जिल्ह्याला हद्दी आखून घ्यायची सवय आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा पलीकडे, मुंबई राज्यात गेले. २०१६ साली उरलेल्याचे चार जिल्हे झाले. मास्तरांच्या अंगणाला मात्र कुंपण होतं ते नावापुरतं, आणि त्याच्या फळ्याही कोणीतरी मांडवासाठी नेल्या होत्या.

मास्तर ख्रिस्ती. वडील पैनगंगेपलीकडून, विदर्भातून आलेले. रविवारची उपासना तेलुगूत, मास्तरांच्या हातात बायबल मराठी. उपदेश कानात तेलुगूत शिरायचा, मनात मराठी व्हायचा आणि मगच पटायचा, म्हणून त्यांचं ‘आमेन’ सगळ्या मंडळीपेक्षा अर्धा क्षण उशिरा यायचं. श्रद्धा पक्की. दानिएलासारखं सिंहांच्या गुहेत टाकलं असतं, तरी मास्तर डगमगले नसते. फक्त एखादा सिंह जर म्हणाला असता, “मास्तर, हात द्या न जरा, दुपारी आणून देतो,” तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

त्यांच्या मऊपणाला शास्त्राधारही होता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, बेचाळिसाव्या वचनात, मागेल त्याला द्यावं असं येशू सांगतो. मास्तरांचा बायबलवर जेवढा विश्वास, तेवढाच आमच्या गल्लीचाही या एका वचनावर. चर्चची पायरी न चढलेल्यांनाही ते तोंडपाठ होतं.

आणि मग एका पावसाळ्यात मास्तरीणबाईंनी चष्मा लावून तोच अध्याय थोडा वरून वाचला. सदतिसावं वचन. होय म्हणायचं तर सरळ होय म्हणा, नाही तर सरळ नाही, अशा अर्थाचं. “अहो, तुमचं वचन पाच घरं खाली हाये,” बाई म्हणाल्या. “आधी हे घर लागते.”

तालीम सुरू झाली. दाढी करताना आरशापुढे मास्तर ‘नाही’ म्हणत. बाई उसनं मागणाऱ्याचं काम करत, आणि इतकं हुबेहूब करत की पहिल्या दोन दिवसांत मास्तरांनी त्यांनाच तीनशे रुपये दिले.

खरी परीक्षा गणपतीत आली. मंडळाची पोरं आली : मास्तर, यंदा खजिनदार तुम्ही, आन् पहिली आरती तुमच्या हातची. मान म्हणूनच म्हणत होती बिचारी. मास्तरांनी घाम पुसला. “हिशोब लिहीन, पै न् पै. आरती नाही करणार. माझी श्रद्धा दुसरी आहे, बाबू. खोटे हात जोडले तर तुमच्या गणपतीलाबी कळेल.” पोरं म्हणाली, “बरं मास्तर,” आणि चहा पिऊन गेली. मास्तर जरा हिरमुसलेच. पुढची सहा वाक्यं तयार होती, ती तशीच राहिली.

ती रविवारी कामी आली. अय्यगारूंनी, म्हणजे चर्चच्या पाळकांनी, बाजूला घेऊन सांगितलं, हिशोबाचं कामसुद्धा सोडा. मास्तर तेलुगूत म्हणाले, हिशोब लिहिणं ही मूर्तिपूजा नव्हे, हा शेजार आहे. तो मी सोडणार नाही. या वेळी अर्धा क्षणही उशीर झाला नाही.

हे बळ कुठून आलं म्हणाल, तर पंडिता रमाबाईंकडून. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेली ही बाई. देव स्वीकारला, पण ताटात अंडं येऊ दिलं नाही, आणि लॅटिन अक्षरांचा क्रूस गळ्यात घालायलाही नकार दिला. अक्षरं हवीत तर संस्कृत घाला, म्हणाली. तिथल्या सिस्टरबाईंना हा हट्ट वाटला. मास्तर ही हकीकत अशी सांगत, जणू ते त्या टेबलाशी ताटं वाढत होते. मला विचाराल तर श्रद्धेची खरी कसोटी लागते ती परक्यांपुढे कमी आणि आपल्याच माणसांपुढे जास्त.

आता मास्तरांना नाहीची गोडी लागली. गाडी? नाही. जामीन? नाही. गल्लीत हळहळ पसरली.

परवा सकाळी मी त्यांच्या फाटकाशी गेलो. मला पाहताच मास्तर ओसरीवर ताठ उभे राहिले, घसा खाकरला, आणि मी तोंड उघडायच्या आत खणखणीत म्हणाले, “नाही!”

“मास्तर,” मी म्हणालो, “शिडी परत आणली. पोळ्याच्या आधी नेली होती.”

मास्तर शिडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. कान लाल झाले. लगबगीनं खाली आले, शिडीचं दुसरं टोक धरलं आणि माझ्याच घराच्या दिशेनं वळवलं.

“राहू द्या हो चार दिवस,” म्हणाले. “परवालेदु.”