लिफ्ट कुणाच्या दारात?

जपानच्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने 2012 मध्ये जाहीर केलं, की 2050 पर्यंत अंतराळात जाणारी लिफ्ट उभारू. 96 हजार किलोमीटर लांब केबल, तीही कार्बन नॅनोट्यूबची. एवढी लांब केबल अजून कुणालाच जमलेली नाही, पण ते किरकोळ.

आपल्याकडे खरा प्रश्न वेगळा: खालचं टोक नांदेडला की लातूरला? विभागीय आयुक्तालयासाठी 2009 मध्ये रस्त्यावर उतरलेली माणसं लिफ्टवर पाणी सोडतील होय? जाणकार म्हणतील, टोक विषुववृत्ताजवळ हवं. विषुववृत्त मराठवाड्यातून जात नाही, हा अनुशेष नाही तर काय? तोडगा एकच. चढायचं नांदेडला, उतरायचं लातूरला, आणि अहमदपूरला विनंती थांबा.

खासगीकरणाचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. 2009 मध्येच नांदेड, लातूरसह पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. नांदेडचं विमान कधी सुरू, कधी बंद. लातूरच्या धावपट्टीला पुढाऱ्यांच्या विमानांचीच काय ती सवय. भाडेपट्टा तेव्हाच्या हिशेबाने 2104 पर्यंतचा होता. लिफ्ट त्याच्या 54 वर्षं आधीची. थोडक्यात, लातूरकर मुंबईला अंतराळमार्गे लवकर पोचेल.

पाण्याचंही बघून घ्या. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. लिफ्ट झाली की थेट वरूनच सोडता येईल. वर पाणी आहे का, ते नंतर बघू. टँकरचं टेंडर तेवढं आधी काढा.